शिकाऱ्याला न होणारा रोग : न्यू मेक्सिकोतली सशांची साथ, २०२०

मार्च २०२०. अमेरिकेच्या नैऋत्येला असलेल्या न्यू मेक्सिको राज्यात आधी काही पाळीव ससे दगावले आणि पाठोपाठ माळरानावर रानससे मरून पडलेले सापडू लागले. माणसांच्या साथीने त्याच महिन्यात सगळ्यांची झोप उडवली होती. सशांकडे बघायला कुणाला सवड नव्हती. पण ही मढी नेहमीसारखी नव्हती. ससे अंगाने भरलेले होते, उपासमारीने खंगलेले नव्हते. गोळीची जखम नाही, कायोटी या कोल्ह्यासारख्या अमेरिकी प्राण्याच्या दातांची खूण नाही. काहींच्या नाकाशी थोडं रक्त सुकलेलं, एवढंच. यकृताचे नमुने न्यूयॉर्क राज्यातल्या प्लम बेटावरच्या प्रयोगशाळेपर्यंत गेले. परदेशी पशुरोगांचं अंतिम निदान तिथे होतं. उत्तर आलं: सशांचा रक्तस्रावी रोग, आणि तोही विषाणूच्या दुसऱ्या प्रकारामुळे झालेला. पशुवैद्यकीय कागदांवर या विषाणूचं नाव आरएचडीव्ही-२ असं येतं.

उत्तर अमेरिकेतल्या मूळ रानसशांमध्ये हा रोग सापडण्याची ही पहिलीच वेळ होती. बघता बघता ॲरिझोना, टेक्सस, कोलोरॅडो, नेवाडा, कॅलिफोर्निया आणि युटा इथून तशाच बातम्या आल्या. सीमेपलीकडे उत्तर मेक्सिकोतही ससे मरत होते. वर्ष संपता संपता वायोमिंगमध्येही निदान झालं.

राज्याराज्यांच्या वन्यजीव खात्यांनी शिकाऱ्यांसाठी पत्रकं काढली. त्यांत दोन वाक्यं हमखास असायची. पहिलं, हा रोग माणसाला होत नाही. दुसरं, सशाला हात लावताना हातमोजे घाला. ज्याला पहिलं पटलं त्याला दुसरं फाजील वाटणार. ज्याने दुसरं मनावर घेतलं त्याला वाटणार, पहिल्यात काहीतरी लपवलंय. खरं तर दोन्ही वाक्यं बरोबर होती. ती एकत्र कशी बसतात, हे मात्र पत्रकाच्या एका पानात नीट मावत नव्हतं. या प्रकरणाचा गाभा तोच आहे.

आधीच्या साथी विझल्या, ही का विझली नाही

या रोगाची नोंद पहिल्यांदा झाली ती १९८४ मध्ये, चीनच्या जिआंगसू प्रांतात. जर्मनीहून आणलेले अंगोरा जातीचे ससे पटापट मेले आणि वर्षभरात चीनमधले कोट्यवधी पाळीव ससे गेले. १९८६ पर्यंत रोग इटलीत पोहोचला आणि तिथून युरोपभर पसरला. १९८८ च्या अखेरीस तो मेक्सिकोत उतरला. चीनहून आलेल्या गोठवलेल्या सशाच्या मांसाकडे तेव्हा बोट दाखवलं गेलं. मांसातून, तेही गोठवलेल्या, हा तपशील शिकाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखा आहे. पुढे तो पुन्हा लागणार आहे.

मेक्सिकोने मात्र काही वर्षांत रोगाचा नायनाट करून दाखवला. अमेरिकेत २००० साली आयोवात आणि पुढच्या वर्षी आणखी काही राज्यांत तो पाळीव सशांमध्ये निघाला, आणि तिथेही आटोक्यात आला. याचं श्रेय यंत्रणांना आहेच, पण त्याहून जास्त विषाणूच्या आवडीनिवडीला आहे. घरात किंवा फार्मवर पाळला जाणारा ससा मूळचा युरोपातला. विषाणूचा पहिला प्रकार जवळजवळ त्यालाच धरून होता. अमेरिकेच्या रानातले कॉटनटेल ही वेगळी प्रजाती. जॅकरॅबिट तर आणखी लांबचे. नावात रॅबिट असलं तरी ते बिळात न राहणारे, लांब पायांचे, उघड्यावर डोळे उघडे ठेवूनच जन्मणारे ससे आहेत. पहिला विषाणू या दोघांच्या वाटेला गेला नाही. पिंजऱ्यातले ससे मारले, जागा निर्जंतुक केली की त्याला पळायला रान उरत नव्हतं.

२०१० मध्ये फ्रान्समध्ये दुसरा प्रकार सापडला आणि ही सोय संपली. पहिल्या प्रकारात दोनेक महिन्यांखालची पिल्लं बहुधा वाचायची. दुसरा प्रकार अगदी कोवळ्या पिल्लांनाही मारतो. शिवाय तो लांब पायांच्या सशांमध्येही शिरतो. २०१८ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात आणि २०१९ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या सॅन वॉन बेटांवर तो निघाला, पण तिथे बळी पडले ते पाळीव आणि पाळीवचे रानटी झालेले युरोपीय ससे. न्यू मेक्सिकोतला विषाणू जनुकीय तपासणीत त्या वायव्येकडच्या विषाणूहून वेगळा ठरला. म्हणजे तो तिकडून सरकत आलेला नव्हता, वेगळ्याच वाटेने आत शिरला होता. आणि आल्या आल्या त्याला वाळवंटी कॉटनटेल आणि काळ्या शेपटीचा जॅकरॅबिट हे दोघेही मिळाले, तेही सलग पसरलेल्या, कुंपण नसलेल्या मुलखात. रोगाला राहायला घर मिळालं. नायनाटाची भाषा तिथेच संपली.

मरण कसं येतं

संसर्ग झाल्यावर एक ते पाच दिवसांत, क्वचित थोड्या जास्त दिवसांनी, यकृतातल्या पेशी मोठ्या प्रमाणावर मरतात. रक्त गोठवण्याची यंत्रणा कोलमडते, लहान लहान रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि गोठवणारे घटक संपले की आतल्या आत रक्तस्राव होतो. बऱ्याच सशांमध्ये बाहेरून काहीच दिसत नाही. संध्याकाळी चरणारा ससा सकाळी मेलेला असतो. दुसऱ्या प्रकारात मरणाचं प्रमाण जागोजागी फार बदलतं. काही कळपांत थोडेच जातात, काहींत बहुतेक सगळे.

यातून शिकाऱ्यासाठी जो अर्थ निघतो तो पत्रकांत ठळक यायला हवा होता. ‘आजारी दिसणारा ससा मारू नका’ हा शिकारीतला जुना, शहाणा नियम. पण या रोगात आजारी दिसणारा ससा भेटतच नाही म्हटलं तरी चालेल. भेटतो तो मेलेला किंवा ठणठणीत दिसणारा. आज पळताना टिपलेल्या सशाच्या अंगात विषाणू दोन दिवसांपासून वाढत असू शकतो. म्हणून काळजी घ्यायची ती संशयास्पद सशाची नव्हे, प्रत्येक सशाची.

बूट, चाकू, ट्रक, कुत्रा

या विषाणूला बाहेरचं चरबीयुक्त आवरण नसतं, आणि त्याचा टिकाऊपणा बराचसा त्यातून येतो. साबण-अल्कोहोलने सहज मरणारे विषाणू बहुधा आवरणवाले असतात. हा त्यांतला नाही. मेलेल्या सशाच्या ऊतींमध्ये तो उघड्यावर तीन महिने जिवंत राहिल्याचं दिसलंय. खोलीच्या तापमानाला, वाळलेल्या अवस्थेत कापडावर तो शंभराहून जास्त दिवस टिकू शकतो. गोठवून तो मरत नाही. ५० अंश सेल्सिअसला तासभर ठेवला तरी तग धरतो. घरगुती सफाईच्या बऱ्याचशा द्रावणांना तो दाद देत नाही. ब्लीचला देतो: एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, आणि किमान दहा मिनिटं ओलं राहू देणं. त्याआधी चिखल, रक्त, केस धुऊन काढावे लागतात, कारण मळाखाली ब्लीच पोहोचत नाही.

आता शिकाऱ्याचा दिवस डोळ्यांसमोर आणा. पहाटे एका काउंटीत, म्हणजे राज्यातल्या जिल्ह्यासारख्या भागात, दोन ससे टिपले. तिथेच पोट फाडून आतडी-यकृत झुडपात टाकलं, चाकू गवताला पुसला. ससे ट्रकच्या मागच्या हौद्यात टाकले, जिथे कुत्राही बसतो. दुपारी शंभर किलोमीटरवर दुसऱ्या माळावर उतरला. संध्याकाळी घरी आला, आणि परसात मुलांचे पाळीव ससे आहेत. यातला प्रत्येक टप्पा विषाणूसाठी फुकटची सवारी आहे. माशा, गिधाडं आणि कायोटीही विषाणू हलवतात, हे खरं. पहिल्या प्रकाराचा विषाणू १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियात वॉर्डांग बेटावरच्या प्रयोगक्षेत्रातून मुख्य भूमीवर निसटला, त्यात माशांचा हात असल्याचं मानलं जातं. पण माशीला हद्द असते. ट्रक एका दिवसात तीन राज्यं ओलांडतो.

कुत्र्याला हा रोग होत नाही. त्याने संसर्ग झालेला ससा खाल्ला तर विषाणू त्याच्या पोटातून विष्ठेत बाहेर पडू शकतो, आणि पंजे-केसांवरून तर जातोच. ससाण्या-बाजांकडून शिकार करणाऱ्या बाजदारांचीही गोष्ट तीच. नैऋत्येच्या माळांवर जॅकरॅबिट हे त्यांचं आवडतं सावज. शिकारी पक्षी आजारी पडत नाही, पण पक्ष्याला भरवायला घरच्या फ्रीझरमध्ये साठवलेले ससे आणि परसात पाळलेले ससे एकाच अंगणात असतील तर धोका उघड आहे.

या सगळ्यात शिकाऱ्याच्या जिवाला काहीच होत नाही. अडचण नेमकी तिथेच आहे. स्वतःला ताप येत असता तर त्याने चाकू न सांगता उकळला असता.

तीन रोग, एकच मढं

‘माणसाला होत नाही’ हे वाक्य रोगाबद्दल खरं आहे, समोर पडलेल्या मढ्याबद्दल नाही. न्यू मेक्सिकोच्या माळावर मेलेला किंवा मरायला टेकलेला कॉटनटेल तीन वेगळ्या कारणांनी तिथे पडलेला असू शकतो. रक्तस्रावी रोग त्यातला एक. दुसरा टुलरेमिया. तिसरा प्लेग.

टुलरेमियाचा इतिहास या गोंधळातच सुरू होतो. सॅन फ्रान्सिस्कोत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्लेग आला, म्हणून कॅलिफोर्नियातल्या जमिनीवरच्या खारींची तपासणी चालू होती. १९११ मध्ये जॉर्ज मॅकॉय यांना टुलारी काउंटीतल्या खारींमध्ये प्लेगसारखे फोड दिसले, पण जीवाणू प्लेगचा नव्हता. काउंटीवरून रोगाला नाव मिळालं. पुढे एडवर्ड फ्रान्सिस यांनी युटातला गोमाशीमुळे येणारा ताप आणि बाजारातले ससे सोलणाऱ्यांचा आजार हे दोन्ही एकच असल्याचं उलगडलं. काम करता करता त्यांना स्वतःलाही तो झाला. जीवाणूच्या नावात आज त्यांचं नाव आहे: फ्रान्सिसेला टुलरेन्सिस.

लोक मात्र त्याला ‘रॅबिट फीव्हर’ म्हणत आले. १९३९ मध्ये अमेरिकेत टुलरेमियाच्या २,२९१ रुग्णांची नोंद झाली. सशाची शिकार आणि सशाचं मांस हा तेव्हा घरोघरचा मामला होता. आता आकडा वर्षाला साधारण दोनशेच्या आसपास असतो, आणि गोचीड-गोमाशी चावून होणारे रुग्ण त्यात बरेच. पण शिकाऱ्याच्या बाबतीत वाट जुनीच आहे: ससा सोलताना बोटावरच्या बारीक चिरेतून जीवाणू आत जातो. तीन ते पाच दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनीही, त्या जागी फोड येऊन व्रण होतो, काखेतली गाठ सुजते, ताप चढतो. अगदी थोडे, दहा ते पन्नास जीवाणू संसर्गाला पुरतात, आणि ते श्वासातून गेले तर फुप्फुसं धरतात. मॅसॅच्युसेट्सच्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर २००० च्या उन्हाळ्यात गवत आणि झुडपं कापणाऱ्यांना फुप्फुसांचा टुलरेमिया झाला होता. त्यांनी ससा सोलला नव्हता, फक्त यंत्राने जमिनीवरचं जे काही होतं ते हवेत उडवलं होतं.

योग्य प्रतिजैविकं वेळेत मिळाली तर रुग्ण बरा होतो. अट एकच: डॉक्टरला सांगायला हवं की चार दिवसांपूर्वी ससा सोलला होता. नाहीतर काखेतली गाठ आणि ताप यांवरून तो दुसरंच काही शोधत बसणार.

प्लेग हा न्यू मेक्सिकोत पुस्तकातला रोग नाही. अमेरिकेत दरवर्षी सरासरी सात-आठ जणांना प्लेग होतो आणि या राज्याचा त्यात नेहमी मोठा वाटा असतो. बहुतेक वेळा पिसवा चावून होतो. पण हिवाळ्यात, पिसवा कमी असताना, ससा सोलणाऱ्या हातांनाही तो झाल्याच्या नोंदी आहेत.

मढं पाहून तिघांत फरक करता येईल? टुलरेमियात यकृत आणि प्लीहेवर टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके दिसू शकतात. रक्तस्रावी रोगात यकृत फिकट, ठिसूळ आणि प्लीहा फुगलेली असू शकते. हे ‘असू शकते’ फार महत्त्वाचं आहे. ठिपके नसलेल्या सशातही टुलरेमिया असतो. माळावर, सकाळच्या उजेडात, गुडघ्यावर बसून हा निवाडा करण्याची गरजच नाही, आणि करायचाच तर त्यासाठी ससा उघडावा लागतो, म्हणजे जे टाळायचं तेच करावं लागतं. हातमोजे मुख्यतः दुसऱ्या आणि तिसऱ्या रोगासाठी होते. पत्रकाचा विषय पहिला रोग होता. विसंगती वाटत होती ती इतक्यापुरतीच.

शिकाऱ्यांची घृणा बहुतेकदा चुकीच्या सशावर खर्च होते. कातडीखाली बोटाएवढी अळी वळवळताना दिसली की लोक आख्खा ससा फेकून देतात. ती एका माशीची अळी असते आणि तेवढी जागा कापून टाकली तर मांसाला बाधा नसते. डोक्यावर शिंगांसारख्या काळ्या गाठी आलेला कॉटनटेल पाहून तर माणसं हबकतात. तो एका विषाणूमुळे होणारा चामखिळीचा प्रकार, रिचर्ड शोप यांनी १९३३ मध्ये वर्णन केलेला. माणसाला त्याचं काही नाही. पोटात पाण्याच्या फुग्यांसारख्या गाठी दिसतात, त्या पट्टकृमीच्या. त्या कुत्र्याला खाऊ घातल्या नाहीत की झालं. या तिन्ही गोष्टी ओंगळ दिसतात आणि तुलनेने निरुपद्रवी आहेत. खरा धोका असतो तो देखण्या, स्वच्छ, जरा सुस्त सशात. टुलरेमियाचा ससा मंदावतो, जवळ जाऊ देतो, कुत्र्याच्या तोंडी सहज लागतो. सहज मिळालेलं सावज इथे शुभ नव्हे.

पहिली कडाक्याची, गोठवणारी थंडी पडल्याशिवाय ससा मारायचा नाही, असा जुना संकेत अमेरिकी शिकाऱ्यांत आहे. त्यात अर्थ आहे: थंडीने गोचीड आणि माशा मंदावतात, रोगी ससे आधीच गळालेले असतात. टुलरेमियाचा धोका त्याने घटतो, संपत नाही. रक्तस्रावी रोगाच्या विषाणूला मात्र थंडी मानवते. गारठ्यात पडलेलं मढं त्याला उन्हाळ्यातल्या मढ्यापेक्षा जास्त काळ सांभाळतं. म्हणजे एका रोगासाठी शहाणा असलेला नियम दुसऱ्यासाठी निरुपयोगी ठरला.

मोजणारं कुणी नव्हतं

किती ससे मेले? या प्रश्नावर प्रकरण अडखळतं, आणि कारण शिकारीच्या कायद्यात आहे. हरणासाठी न्यू मेक्सिकोत सोडत निघते, परवाना लागतो, शिकार नोंदवावी लागते. ससा या राज्यात संरक्षित सावज नाही. रहिवाशाला त्यासाठी परवाना लागत नाही, हंगाम नाही, मर्यादा नाही. टेक्ससमध्येही सशाला बंद हंगाम नाही. ज्याचा परवाना नाही त्याची आकडेवारी नाही. साथ येण्यापूर्वी किती ससे होते आणि वर्षाला किती मारले जात होते याचा पाया नसेल, तर घट कशातून वजा करणार?

त्यात जॅकरॅबिटची संख्या मुळातच हेलकावे खाणारी. पश्चिमेकडच्या काही भागांत सात ते दहा वर्षांच्या चक्रात ती भरमसाट वाढते आणि कोसळते. एखाद्या माळावर ससे दिसेनासे झाले तर रोगाने की चक्राने, हे एका वर्षात सांगता येत नाही.

लोक रोग सापडलेल्या काउंटी रंगवून दाखवणाऱ्या नकाशावर विसंबले. तो नकाशाही नीट वाचावा लागतो. प्रयोगशाळांची ताकद मर्यादित, म्हणून नव्या काउंटीतले, नव्या प्रजातीतले नमुने आधी. एकदा काउंटीत निदान झालं की पुढच्या मढ्यांना तपासणीत प्राधान्य नसायचं. रंगलेली काउंटी म्हणजे तिथे किमान एक ससा सापडला, कुणीतरी कळवला, तो ताजा होता आणि नमुन्यात विषाणू निघाला. न रंगलेली काउंटी म्हणजे रोग नाही असं नव्हे. तिथे कदाचित कुणी फिरतच नसेल. आपली काउंटी पांढरी आहे म्हणून चाकू न धुणारा शिकारी नकाशाला नको तेवढं प्रमाण मानत होता.

आणि तरीही खात्यांना सगळ्यात उपयोगी पडणारी माणसंही हीच. रानात पहाटे चालणारा, ससे कुठे बसतात हे ठाऊक असणारा दुसरा कोण आहे? हात न लावता जागेची नोंद करणं, फोटो काढणं, एकापेक्षा जास्त मढी असतील तर कळवणं, ही मागणी शिकाऱ्यांकडे झाली आणि ती योग्यच होती. माझ्या मते इथे आणखी एक पाऊल टाकता आलं असतं: मेलेल्यांबरोबर जिवंत दिसलेल्या सशांची साधी नोंदही मागायला हवी होती. मढी मोजून साथ कळते. काय उरलं ते कळायला जिवंत मोजावे लागतात.

पत्रकांतला सल्ला, तपासून

बहुतेक राज्यांचा सल्ला जवळपास सारखा होता. मेलेला किंवा सुस्त ससा उचलू नका. रबरी हातमोजे घालून सोला, नंतर हात धुवा. मांस ७४ अंश सेल्सिअसपर्यंत आतून शिजवा. उरलेली आतडी-कातडी पुरा किंवा दुहेरी पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. चाकू, फळी, बूट ब्लीचने साफ करा. कुत्र्याला कच्चा ससा देऊ नका. पाळीव ससे असतील तर शिकारीचे कपडे-बूट त्यांच्याजवळ नेऊ नका.

यातली प्रत्येक गोष्ट करण्यासारखी आहे. खटकतो तो क्रम. शिकाऱ्याच्या हातांपासून आणि ताटापासून सुरुवात होऊन आतडी पुरण्यापर्यंत पोहोचेतो वाचणारा पान उलटून गेलेला असतो. साथीच्या दृष्टीने नेमकं उलटं हवं होतं. मांसाचा मुद्दा सोपा आहे: नीट शिजवलेलं मांस रक्तस्रावी रोगाच्या बाबतीत प्रश्नच नाही आणि टुलरेमियाचा जीवाणूही त्या तापमानाला मरतो. फ्रीझरवर मात्र भरवसा नको. टुलरेमियाचा जीवाणू गोठलेल्या मांसात वर्षानुवर्षं तगतो, आणि रक्तस्रावी रोगाच्या विषाणूने तर गोठलेल्या मांसातून खंड ओलांडल्याचं मानलं जातं. ज्या घरात शिकारीचे ससे गोठवून ठेवतात आणि धुतलेल्या रक्ताचं पाणी परसात ओततात, तिथे पाळीव सशाला रानात जायचीही गरज नाही.

खोल पुरण्याचा सल्ला कागदावर बरा. मार्चमध्ये कोरड्या, दगडी माळावर फावडं घेऊन कोण फिरतं? दोन जाड पिशव्या आणि एक बाटली ब्लीच ट्रकमध्ये कायम ठेवणं हे जमण्यासारखं आहे. ब्लीचचं पाणी रोज नवं करावं लागतं, तयार द्रावणाचा जोर उतरतो.

एका शिकारीनंतर दुसऱ्या भागात लगेच न जाणं, हे पत्रकांत क्वचित आणि बारीक अक्षरांत होतं. माझ्या लेखी ते पहिल्या ओळीत असायला हवं होतं.

सशावर जगणारे इतर

ससा मेला तर शिकाऱ्याचा शनिवार बुडतो. बॉबकॅट हे रानमांजर, कायोटी, सोनेरी गरुड यांचं पोट बुडतं. याचा अंदाज स्पेनने आधीच दिला होता. २०११ नंतर दुसरा प्रकार आयबेरियात, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पात, पसरला तेव्हा तिथल्या रानसशांची संख्या अनेक ठिकाणी निम्म्याहून खाली आली. जवळजवळ फक्त सशांवर जगणाऱ्या आयबेरियन लिंक्स या रानमांजराची पिल्लांची पैदास साधारण दोन तृतीयांशाने घटल्याचं अभ्यासात दिसलं, स्पॅनिश सम्राट गरुडाची ४५ टक्क्यांच्या आसपास.

अमेरिकेतले भक्षक इतके एकमार्गी नाहीत. कायोटीला उंदीर चालतात, फळं चालतात. तरी सोनेरी गरुडाच्या पिल्लांचं प्रमाण जॅकरॅबिटच्या संख्येबरोबर वर-खाली होतं हे तिथे आधीपासून माहीत आहे. शिकारीवर बंदी घालावी का, हा प्रश्न इथून येतो. साथ जोरात असताना उरलेल्या सशांत रोगाला तोंड दिलेले, प्रतिकारशक्ती आलेले ससे असतात, आणि गोळी त्यांना ओळखत नाही. दुसऱ्या बाजूने, अठ्ठावीस दिवसांच्या गर्भावस्थेने वर्षात अनेक वेतं देणाऱ्या कॉटनटेलची भरपाई करण्याची ताकद मोठी आहे, आणि मोकळ्या मुलखातल्या थोड्या बंदुका साथीच्या तुलनेत किरकोळ ठरतात. सरसकट बंदीपेक्षा, जिथे ससे दिसेनासे झालेत तिथे शिकाऱ्यांनी आपणहून एक-दोन हंगाम थांबणं मला जास्त पटतं. परवानाच नसलेल्या सावजावर बंदी राबवणार तरी कशी?

लस, आणि साथीनंतर

सुरुवातीला लस फक्त युरोपात होती आणि अमेरिकेत ती खास परवानगीने आणावी लागायची. २०२१ च्या शरद ऋतूत साउथ डकोटातल्या मेडजीन या कंपनीच्या लशीला अमेरिकेत आपत्कालीन मान्यता मिळाली. पाळीव सशांसाठी हा मोठा दिलासा होता. पण ही लस सुईने द्यायची असते, तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा. मोकळ्या रानातल्या सशांना ती देणं शक्यतेच्या बाहेरचं.

अपवाद झाला तो फार थोड्या उरलेल्या प्राण्यांसाठी. कॅलिफोर्नियाच्या सॅन वॉकीन खोऱ्यात नदीकाठच्या झुडपांत राहणारा एक दुर्मीळ ससा आहे, रिपेरियन ब्रश रॅबिट. तो या भागाबाहेर कुठेच नाही. २०२० मध्येच त्यांना सापळ्यांत पकडून, युरोपातून आणलेली लस टोचून सोडायला सुरुवात झाली. संपूर्ण उपप्रजातीच हातावर मोजण्याजोगी असेल तरच असलं काम परवडतं. स्पेनमध्ये त्याआधी, पहिल्या प्रकाराविरुद्ध, वेगळी वाट चाचपून पाहिली गेली होती: एका सशाकडून दुसऱ्याकडे आपोआप पसरणारी लस. मेनॉर्का या स्पॅनिश बेटाजवळच्या एका छोट्या बेटावर तिची चाचणीही झाली. पण स्वतःहून पसरणारा विषाणू मुद्दाम रानात सोडायचा, ही कल्पना पुढे मंजुरीपर्यंत गेली नाही, आणि ऑस्ट्रेलियासारखा देश सशांना मारण्यासाठी याच रोगाचा विषाणू सोडत असताना तिथल्या यंत्रणेला तर ती दुःस्वप्नच वाटली असती.

नैऋत्येतल्या राज्यांत रोग आता पाहुणा राहिलेला नाही. काही भागांत सशांची संख्या पुन्हा वाढते, प्रतिकारशक्ती नसलेली नवी पिल्लं जमा होतात, आणि साथ परत डोकावते. तिथल्या शिकाऱ्यासाठी त्याचा व्यवहारी अर्थ एवढाच की ब्लीचची बाटली ट्रकमधून काढायची नाही, बातम्या थांबल्या तरी. आणि ज्या राज्यात हा रोग अजून सापडलेला नाही तिथे शिकारीला निघालेल्याने बूट घरून निघतानाच धुवायचे, तिथे पोहोचल्यावर नव्हे.